अवघड इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ

परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून अवघड इंग्रजी शब्दांच्या लांबच लांब याद्या दिसूं लागतात. डावीकडे शब्द, उजवीकडे एकच मराठी अर्थ, आणि मग अहोरात्र घोकंपट्टी! आपला मुलगा झपाट्यानें पुढें जात आहे असें पालकांसही वाटतें. शब्दसंग्रह वाढविण्याची ही हौस स्तुत्य आहे. परंतु ही रीत मात्र घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

उदाहरणच घेऊं. 'फ्रूगल' आणि 'पार्सिमोनियस' या दोहोंपुढें यादींत 'काटकसरी' एवढाच अर्थ लिहिला जातो. वस्तुतः पहिल्यांत गुणाचा गौरव आहे, तर दुसऱ्यांत बहुधा कृपणतेचा ठपका असतो. पोटाला चिमटा घेऊन मुलाची फी भरणाऱ्या बापाविषयीं निबंध लिहितांना मुलानें दुसरा शब्द योजिला, तर नकळत तो आपल्या जन्मदात्यास चिक्कू ठरवितो. तसाच 'नोटोरियस' हा शब्द. त्याचा अर्थ 'कुप्रसिद्ध'. पण 'प्रसिद्ध' एवढेंच पाठ करणाऱ्यानें पाहुण्यांच्या स्वागताच्या भाषणांत तो घातला तर केवढा अनर्थ होईल!

मग शब्द शिकावा कसा? प्रथम त्याचें मूळ पाहावें. संस्कृतांत 'हृ' या एका धातूस निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्न अर्थांचे शब्द होतात. इंग्रजींत आलेल्या लॅटिन शब्दांची घडणही अशीच आहे. 'स्पेक्' म्हणजे पाहणें. आंत शिरून पाहणें तें 'इन्स्पेक्ट'. पुढें दिसणारें तें 'प्रॉस्पेक्ट'. ज्याच्याकडे वळून पाहावेंसें वाटतें त्याच्याविषयींचा आदर तो 'रिस्पेक्ट'. आणि खालून, संशयानें पाहणें तें 'सस्पेक्ट'. हा धातु व संस्कृत 'पश्यति' यांचें कूळ एकच आहे. एक मूळ सांपडलें कीं चार शब्द हातीं लागतात.

दुसरें, शब्दाचा दर्जा ओळखावा. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें व पुढें शेकडों फ्रेंच शब्द तेथील भाषेंत शिरले. म्हणून 'बिगिन' हा घरगुती शब्द, तर त्याच अर्थाचा 'कमेन्स' हा दरबारी. आपणही भूक लागली म्हणजे "आई, वाढ" असेंच म्हणतों. "माते, भोजन दे" असें कोणी म्हटल्यास घरांत हंसें होईल. सोप्या जागीं जड शब्द योजिल्यानें इंग्रजींतही तेंच होतें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शब्दाचा अर्थ स्वतःच्या मराठींत नेमका सांगतां आला पाहिजे. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानें पंडितांच्या साह्यानें मराठी-इंग्रजी कोश रचिला. तो १८३१ सालीं निघाला आणि वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. त्याचा संक्षेप बाबा पदमनजी यांनीं १८६३ सालीं केला. एकेका मराठी शब्दाच्या छटा इंग्रजींत उतरविण्यासाठीं परक्यानें एवढे श्रम घेतले. तर त्याची भाषा शिकतांना आपण एका अर्थावर समाधान कां मानावें? आज फोनवर बोट टेकतांच अर्थ दिसतो, हें खरें; परंतु दिसलेला अर्थ मनांत रुजावयास वाक्यांत वापरावाच लागतो.

म्हणून इंग्रजी न जाणणाऱ्या पालकांनीं हताश होऊं नये. रात्रीं जेवतांना मुलास एवढेंच विचारावें, "बाळ, आज कोणता शब्द शिकलास? त्याला आपण काय म्हणतों?" मुलास साध्या मराठींत सांगतां आलें नाहीं, तर शब्द पाठ झाला पण कळला नाहीं असें समजून दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारावें. रोज एक शब्द अशा रीतीनें पक्का झाला, तर वर्षाअखेर ३६५ होतात. आणि मुलाची मराठीही त्यासोबत वाढते.