दवाखान्यात लपवलेले शस्त्र

पल्स पोलिओच्या ड्युटीवर फिरत असताना एका दारात मला विचारलेला प्रश्न अजून लक्षात आहे. एका आजीने नातवाला ओढणीआड घेतले आणि विचारले, "सर, तुमने तुमारे बच्चे को पिलाये क्या?" मी हो म्हणालो. पण तिचा विश्वास बसला नाही. या थेंबांमुळे मुलांना पुढे औलाद होणार नाही, ही अफवा तेव्हा आपल्या वस्त्यांमध्ये जोरात होती. मी पुढच्या घराकडे वळलो आणि मनातल्या मनात आजीला अडाणी ठरवून मोकळा झालो.

पुढे काही वर्षांनी 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' ही अमेरिकन मालिका पाहिली आणि ती आजी पुन्हा आठवली. १९९३ ते १९९९ या काळात तिचे सात सीझन आले. यानांच्या लढाया तिच्यात भरपूर आहेत. पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केले ते त्यातल्या एका गुप्त शस्त्राने. ते शस्त्र म्हणजे एक विषाणू.

मालिकेत फेडरेशन आणि डोमिनियन या दोन सत्तांमध्ये युद्ध होते. डोमिनियनवर राज्य करणारे 'फाउंडर' हवे ते रूप घेऊ शकतात. त्याच जमातीचा ओडो मात्र लहानपणापासून परक्यांमध्ये वाढलेला. तो फेडरेशनच्या बाजूने उभा आहे आणि अंतराळस्थानकाच्या सुरक्षेचा प्रमुख आहे. शेवटच्या सीझनमध्ये उघड होते की फाउंडरांना मारणारा रोग नैसर्गिक नाही. 'सेक्शन ३१' या फेडरेशनमधल्याच छुप्या यंत्रणेने तो बनवला होता आणि तो पोचवला होता ओडोच्या शरीरातून. पृथ्वीवरच्या वैद्यकीय केंद्रात ओडोची तपासणी झाली, तेव्हाच त्याला न सांगता विषाणू दिला गेला. पुढे तो आपल्या लोकांत मिसळला आणि रोग सगळ्या जमातीत पसरला. विशेष म्हणजे तोपर्यंत युद्ध सुरूसुद्धा झाले नव्हते.

इथे दोन गोष्टी मला टोचतात. पहिली, ओडोने फेडरेशनशी कधीच बेईमानी केली नव्हती. तरी त्या यंत्रणेसाठी त्याची नोकरी, त्याची निष्ठा या गोष्टी मोजण्याइतक्याही नव्हत्या. तो 'त्यांच्यातला' आहे, एवढेच पुरेसे होते. दुसरी, शस्त्र भरायला जागा निवडली ती दवाखान्याची. माणूस जिथे काही न विचारता हात पुढे करतो, नेमकी ती जागा.

डोमिनियन काही निष्पाप नाही. १९९६ मधला 'द क्विकनिंग' हा भाग जरूर पाहा. डोमिनियनला विरोध केला म्हणून एका ग्रहावरच्या लोकांमध्ये असा रोग सोडलेला असतो, की दोन शतकांनंतरही तिथली मुले तो घेऊनच जन्मतात. स्थानकाचा डॉक्टर ज्युलियन बशीर तिथे जातो. आजारी असलेल्यांना तो वाचवू शकत नाही. पण त्याने दिलेल्या लसीमुळे एका मरणासन्न आईचे बाळ निरोगी जन्मते. हाच बशीर पुढे ओडोसाठी, म्हणजे शत्रूच्या जमातीतल्या माणसासाठी, औषध शोधायला जीव धोक्यात घालतो. उर्दूत बशीर म्हणजे खुशखबर आणणारा. ही भूमिका करणारे अलेक्झांडर सिद्दिग मूळचे सुदानचे. सुरुवातीच्या सीझनमध्ये त्यांचे नाव सिद्दिग अल फादिल असे झळकते.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: विषाणू वाईट, पण युद्ध तर जिंकून दिले ना? मला ते पटत नाही. शेवटच्या भागात फाउंडरांची नेता स्वतः मरणपंथाला लागलेली असते. म्हणून ती शरण येते का? उलट शेवटच्या सैनिकापर्यंत लढायचा आणि एक अख्खी प्रजा संपवायचा हुकूम देते. मरायचेच आहे तर माघार कशाला, असा तिचा हिशेब. ती थांबते ती ओडो तिच्याशी एकरूप होऊन तिला बरे करतो तेव्हा. तेही फेडरेशनच्या कौन्सिलने शत्रूला औषध द्यायचे नाही असे ठरवलेले असताना. म्हणजे युद्ध थांबले ते औषधामुळे. विषाणूने ते आणखी क्रूर केले होते.

ही सगळी कल्पना आहे, असे म्हणून सोडून देता आले असते. पण २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये एका डॉक्टरमार्फत हिपॅटायटिस बीच्या लसीकरणाची खोटी मोहीम चालवली. त्या घरातल्या मुलांचे डीएनए मिळवायचे होते. हे बाहेर आल्यावर तिथल्या लसविरोधी अफवांना आयता पुरावा मिळाला. २०१२ मध्ये वझिरीस्तानमध्ये अतिरेक्यांनी पोलिओ लसीकरणावर बंदी घातली आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बायका गोळ्यांना बळी पडू लागल्या. या खुनांचा गुन्हा मारेकऱ्यांचाच, त्यात सवलत नाही. पण लसीच्या डब्यात हेरगिरी लपवणाऱ्यांना हात झटकता येणार नाहीत. पुढे २०१४ मध्ये, लसीकरणाचा असा वापर यापुढे करणार नाही, असे अमेरिकी सरकारला सांगावे लागले.

त्या आजीचे म्हणणे चूकच होते, हे मी आजही सांगेन. थेंबात काही नव्हते. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आपल्या मोहल्ल्यांतली पोरेही त्यामुळेच आज धडधाकट चालत शाळेत येतात. अफवा पसरवणारे आपलेही लोक होते, हे कबूल करायला हवे.

पण मी तिला अडाणी म्हणायला नको होते. ज्यांच्याकडे कायम संशयाने पाहिले जाते, ती माणसे सरकारी पेटीकडेही संशयानेच पाहतात. तो संशय काढायचा तर दारात थांबावे लागते, बोलावे लागते. ती दोन मिनिटे मी दिली नाहीत, माझी यादी संपवायची होती. म्हणून आता वर्गात लसीकरणाचा फॉर्म वाटताना कुणाच्या अम्मीने शंका काढली, तर मी तिला बसवून घेतो आणि माझ्या मुलाचे लसीकरणाचे कार्ड दाखवतो.