मध्यंतराची पंधरा मिनिटे
सप्टेंबर २०१६ मध्ये इंग्लंडमधील संडरलँड-एव्हर्टन फुटबॉल सामन्याआधी ब्रॅडली लोवरी हा पाच वर्षांचा कर्करुग्ण खेळाडूंसोबत मैदानात उतरला. पाहुण्या एव्हर्टनने त्याच्या उपचारांसाठी २ लाख पौंड दिले. नगरच्या फुटबॉलकडे एवढा पैसा कुठला? पण गर्दी आहे, तीही तरुण पोरांची, आणि २०१२ च्या गुटखाबंदीनंतरही त्यांतल्या अनेकांच्या खिशात पुडी असते. तोंडाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी बॅटरी आणि जाणकार डोळ्यांनी काही मिनिटांत होते. नगरच्या वाडिया पार्क मैदानावर मध्यंतरातच ती करा. तिकिटाच्या दहा-दहा रुपयांतून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांचे एसटीभाडे, सोबतच्या माणसाचा मुक्काम निघेल. औषधांच्या आकड्यांपुढे हा खर्च कुणी मोजतच नाही, आणि गरिबाचा उपचार अनेकदा तिथेच सुटतो.