आधी मशीनपासून दूर, मग दार लावून

हंगाम चढला की शिंदखेडा तालुक्यातल्या जिनिंगमध्ये आणि दोंडाईच्याच्या मिरची बाजारात माणूस मिळेनासा होतो. नेमक्या त्याच दिवसांत एखादा जुना कामगार उशिरा येऊ लागतो. डोळे जड, हात थरथरते, उचल वाढत चाललेली. मालक मग चार जणांदेखत झापतो, नाहीतर हिशेब करून घरी पाठवतो. आमच्या मते दोन्ही चूक.

आधी त्याला जिनच्या रोलरपासून, ट्रकच्या स्टिअरिंगपासून बाजूला करा. तिथे थांबायला वेळ नसतो. मग दार लावून बोला, आणि दिसलं तेवढंच बोला: उशीर, चुका, थरथर. ‘तू नशा करतोस’ हा निकाल आपण द्यायचा नाही. साखर उतरली तरी हात थरथरतात. तपासणी डॉक्टरांवर सोडा आणि गोष्ट गावभर करू नका.

व्यसन हा आजार आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत येतात. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यातलं कलम ६४-अ, प्रकरण अल्प मात्रेचं असेल आणि व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. हा नंबर हजेरीपुस्तकाशेजारी लावा. उपचाराला गेलेल्याची जागा राखून ठेवा, आणि तसं त्याच्या घरच्यांना जाण्याआधीच सांगा.