खाणकामगार तपासला जातो, मग शेजारचे गाव का नाही?

घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, सास्ती किंवा शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसरात राहणाऱ्या गृहिणीला कोळशाच्या धुळीविषयी वेगळे सांगावे लागत नाही. सकाळी पुसलेला ओटा दुपारी काळवंडतो, दोरीवरचे धुतलेले कपडे झटकूनच घरात घ्यावे लागतात. ही धूळ दिसते म्हणून आपण तिच्याविषयी तक्रार करतो. आरोग्याच्या दृष्टीने अधिक घातक आहे ती न दिसणारी धूळ.

सुरुंग लावणे, माती उपसणे, कोळसा फोडणे आणि ट्रकमधून वाहून नेणे, या प्रत्येक टप्प्यावर धूळ उडते. तिच्यातील जाड कण नाकात व घशात अडकतात आणि शिंकेवाटे किंवा बेडक्यावाटे बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत जातात. त्यामुळे जुना खोकला व दमा बळावतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुप्फुसाला कायमचे व्रण पडतात, आणि अशा फुप्फुसात क्षयरोग लवकर शिरकाव करतो. हे व्रण भरून काढणारे औषध आजही नाही. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचून राहते व धूळ वर जात नाही, म्हणून त्या दिवसांत त्रास अधिक होतो.

खाणीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसाची काळजी कायद्याने घेतली आहे. १९५२ च्या खाण कायद्यापासून कामगारांच्या व्यावसायिक आजारांची नोंद सुरू झाली. ठरावीक मुदतीने त्यांची वैद्यकीय तपासणी करणे खाणचालकावर आजही बंधनकारक आहे. पण खाणीच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्यांचे काय? त्यांना कामगाराइतकी धूळ खावी लागत नाही, हे मान्य. तरीही एक फरक ध्यानात घ्यावा. कामगार पाळी संपली की बाहेर येतो, गाव चोवीस तास तिथेच असते. कामगाराला प्रकृती धडधाकट पाहूनच कामावर घेतात. गावात मात्र तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आधीच दम्याने बेजार झालेले रुग्ण असतात. ज्यांना खाणीत कोणी पाऊल टाकू देणार नाही, तेच खाणीच्या दाराशी जन्म काढतात.

खाणीचा त्रास हवेपुरता थांबत नाही. खोल खाणीतील पाणी सतत उपसले की भोवतालच्या विहिरींची पातळी उतरते. कोळशातील गंधकयुक्त खनिजांशी हवा-पाण्याचा संयोग झाला की पाणी आम्लधर्मी होते. सोडून दिलेल्या खड्ड्यांत पाणी साचून डास वाढतात. घुग्घुस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये जुन्या भूमिगत खाणीवरचे एक राहते घर जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून बचावली.

येथे कोणी म्हणेल, प्रत्येक खोकल्याचे खापर खाणीवर का फोडता? बिडी आहे, चुलीचा धूर आहे, वीज केंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत. हा प्रश्न रास्त आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली चंद्रपूरला ८३.८८ गुणांसह देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत टाकले, तेही या सर्वांच्या एकत्रित परिणामामुळे. पण कोणाचा वाटा किती, हे तपासल्याशिवाय कळणार कसे? गावागावांतील श्वसनविकारांची वर्षानुवर्षांची नोंदच नसेल तर खाणीचा दोष सिद्ध होत नाही, आणि तिचे निर्दोषत्वही सिद्ध होत नाही. नुकसान मात्र रुग्णाचे होतच राहते.

पैसा नाही, ही सबब येथे चालणार नाही. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणचालकांना स्वामित्वधनाच्या प्रमाणात ठरावीक रक्कम त्यात भरावी लागते. पिण्याचे पाणी, प्रदूषण नियंत्रण व आरोग्य यांना त्यात अग्रक्रम आहे. या निधीतून खाणीलगतच्या प्रत्येक गावात वर्षातून एकदा तपासणी शिबिर घेणे अवघड नाही. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणारे स्पायरोमीटर, थुंकीची तपासणी, गरजेनुसार क्ष-किरण फोटो आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना एवढे केले तरी पुरे. निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ग्रामसभेने तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

तोवर घरी काय करावे? झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. पिण्याचे पाणी झाकून ठेवावे. ट्रकच्या रस्त्यालगत लहान मुलांना खेळू देऊ नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये, तिचा विषारी वायू झोपेतच प्राण घेतो. बिडी सोडावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी आणि आपण खाणीजवळ राहतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

या भागातील कोळशावर दूरदूरच्या शहरांतील दिवे लागतात. कोळशाच्या प्रत्येक टनाचा हिशेब ठेवला जातो. तो जिथून निघतो तेथील माणसांच्या श्वासाचाही हिशेब ठेवावा, एवढेच मागणे आहे.