कोमे वा?

पुण्यात इटालियनच्या क्लासला जायचो तेव्हा पहिल्याच दिवशी एक उत्तर पाठ झालं. कुणी "कोमे स्ताइ?" म्हणजे कसा आहेस विचारलं, की "बेने, ग्रात्सिए. ए तू?" बरा आहे, धन्यवाद, आणि तू? संपलं. पुढचा धडा हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची याचा. माझं स्पष्ट मत आहे की सगळी गोची इथेच होते. प्रश्न शिकवतात, उत्तर शिकवतच नाहीत.

नंतर कंपनीने आठ महिने तोरिनोला पाठवलं. तिथे टीममधे पन्नाशीचा एक टेस्टर होता. (ऑफिसात सगळे अरे-तुरेच.) दर सोमवारी कॉफी मशीनपाशी त्याचे दोन प्रश्न ठरलेले. आधी "कोमे वा?", कसं चाललंय. मग "कोझा आइ फात्तो दि बेल्लो?", छान असं काय केलंस? म्हणजे शनिवार-रविवारात काहीतरी छान घडलंच असणार हे गृहीत धरलेलं! मी म्हणायचो, "बेने. निएन्ते." बरा आहे, काही नाही. पिंगला रिप्लाय दिला, कनेक्शन बंद.

एकदाच चुकून खरं उत्तर दिलं, की चालत सुपेर्गाच्या टेकडीवर गेलो होतो. झालं! ४ मे १९४९ला तिथल्या बॅसिलिकावर विमान आदळून तोरिनोची अख्खी फुटबॉल टीम कशी गेली, हे मी वीस मिनिटं ऐकलं. कॉफी गार झाली, पण त्या दिवशी जेवढं इटालियन शिकलो तेवढं क्लासात महिन्याभरात शिकलो नव्हतो.

आणि खरं तर 'काय केलं' हे सांगणं मराठी माणसाला जड जाऊच नये. आपण 'मी गेलो' म्हणतो, बायको 'मी गेले' म्हणते. तिथेही तो 'सोनो आन्दातो', ती 'सोनो आन्दाता'. खाल्ल्यावर मात्र बाई असो की बाप्या, 'ओ मांजातो'च. पिझ्झा तिकडे स्त्रीलिंगी. त्यामुळे पिझ्झाचा विषय आधीच निघालेला असला आणि 'ती मी खाल्ली' म्हणायचं असलं, की 'लो मांजाता'. पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, तसंच की हे! आमच्या बाईंनी हे सगळं इंग्रजीतून, टू बी आणि टू हॅवचे तक्ते काढून शिकवलं. समोर वीस मराठी पोरं बसलेली. असो.

तर मुद्दा. पाचव्या महिन्यात बाबांची बायपास ठरली. दोन आठवडे मी रात्री घरी फोन करत होतो आणि सोमवारी "तुत्तो बेने" म्हणत होतो, सगळं छान. मग मॅनेजरने मीटिंगमधे माझी रजा जाहीर केली, कारणासकट. बाहेर आल्यावर तो टेस्टर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मा तेलो किएस्तो." अरे, मी विचारलं होतं ना तुला. रागावला नव्हता. त्याला लागलं होतं.

तुम्ही म्हणाल, ही सगळी औपचारिकता, तिकडे तरी कोण मनापासून विचारतं? मान्य. मशीनपाशी उभं राहून कुणाला रिपोर्टची फाईल नको असते. पण म्हणूनच त्यांनी मधले शब्द ठेवलेत. 'नॉन चे माले', वाईट नाही. 'सि तिरा आवान्ति', अगदी आपलं 'ओढतोय गाडा'. आणि माझा सगळ्यात आवडता, 'इन्सोम्मा'. ठीकच म्हणायचं, पण फारसं ठीक नाही, एवढं एका शब्दात. त्यात खोटं काही नाही आणि रडगाणंही नाही. पुढे विचारायचं की नाही ते समोरच्याने ठरवावं. क्लासात पहिल्या दिवशी हा शब्द शिकवायला हवा, 'बेने'च्याही आधी.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा बाबा घरी होते, पण जेवत नव्हते आणि आईवर चिडचिड करत होते. सोमवारी मशीनपाशी प्रश्न आला, "कोमे वा?"

म्हटलं, "इन्सोम्मा."

त्याने खिशातून अजून एक नाणं काढून मशीनमधे टाकलं आणि म्हणाला, "सांग."