हॉलमध्ये एसी, ओट्यापाशी मी

मे महिन्यातला कुठलाही मंगळवार घ्या. ऑफिसातून साडेसहाला निघायचं ठरवून सातला निघालेली मी मगरपट्ट्याच्या सिग्नलवर शिजून आठला घरी पोचते. नवरा आणि सासरे हॉलमध्ये. एसी चोवीसवर, मॅच रंगात आलेली. मी पर्स टाकून ओट्यापाशी जाते, तिथे सासूबाई आधीच उभ्या असतात. किचनमध्ये एसी सोडाच, पंखाही नाही. म्हणजे आहे, पण लावायचा नाही. गॅस फडफडतो!

त्यात आमचा फ्लॅट टॉप फ्लोअरचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ती सगळी उष्णता इमानेइतबारे परत करत असतो. मान तिरकी ठेवून, घाम कणकेत पडणार नाही अशा बेताने फुलके लाटण्याचं एक खास टेक्निक आम्ही सासू-सुनांनी डेव्हलप केलंय. आणि बाहेरून हाक येते, "अजून एक आण गं, गरम!"

आमच्या घरातले पुरुष व्हिलन आहेत असं लगेच समजू नका. नवरा भांडी घासतो, कुकर लावतो, भाजी तर माझ्यापेक्षा बारीक चिरतो. पण आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट ताटात, हा नियम. त्यात कुणीतरी सगळ्यात शेवटी, घामाघूम होऊन, एकटंच जेवतं हे माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. 'द ग्रेट इंडियन किचन' हा मल्याळम सिनेमा २०२१ साली बघितला तेव्हा मी हॉलमध्ये बसून त्या नवऱ्याला शिव्या घातल्या होत्या. त्या वेळी सासूबाई आत फुलके करत होत्या.

डोक्यात प्रकाश पडला तो खुटबावला.

खुटबाव माझं आजोळ. पुणे-दौंड रेल्वेलाइनवर यवत गेलं की खुटबाव, पुढे केडगाव. बहुतेक एक्स्प्रेस धूळ उडवत निघून जातात, आपण पॅसेंजरने जायचं. दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी येतं, म्हणून जिकडे बघाल तिकडे ऊस. उन्हाळ्यात मात्र दुपारी अंगणात पाय ठेवला तर चटका बसतो.

गेल्या मे महिन्यात वीकेंडला गेले होते. मामी ऊन कलल्यावर परसात चुलीपाशी बसली आणि तासाभरात दहा-बारा भाकऱ्या थापून मोकळी झाली. दुरडीत फडकं घालून भाकऱ्या झाकल्या, चूल विझवली, तोंडावर पाणी मारलं. रात्री सातच्या सुमाराला अंगणात ताटं मांडली. शेंगदाण्याची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा, गूळ घातलेला कैरीचा कीस आणि पातेलंभर ताकातल्या कण्या. गार. सगळंच गार.

मी शहाणपणा केला. "मामी, एखादी गरम भाकरी नाही का गं मिळणार?"

"गरम पायजे आसंल तर पाच वाजता जेवायला यायचं," मामी म्हणाली. "उन्हाळ्यात रात्रीची मी चुलीम्होरं बसत न्हाय. तुझ्या मामाला बी ठावं हाय."

मामा मान डोलावत कण्या ओरपत होता. त्याला घाईच होती. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणजे उसाला पाणी द्यायला, दारं धरायला, रात्रीच जायचं. तो कधी परत येईल याचा नेम नाही. आला की दुरडीतली भाकरी आणि ताक घेऊन आपल्या हाताने जेवतो, कुणाला उठवत नाही. मला आठवलं, २००५-०६च्या लोडशेडिंगच्या दिवसांत आम्ही मुलं सुट्टीला यायचो तेव्हाही असंच असायचं. अंधारात, चांदण्यात, आजीसकट सगळे एका पंगतीत. आजी वाढता वाढता जेवायची, पण बसून.

हा गार जेवणाचा प्रकार काही आपलाच नाही. ओडिशात भात पाण्यात भिजवून आंबवतात, त्याला पखाळ म्हणतात, आणि २० मार्चला चक्क 'पखाळ दिवस' साजरा करतात. स्पेनच्या दक्षिणेत टोमॅटोचं गार सूप पितात, गास्पाचो. फाइव्ह स्टारमध्ये गास्पाचोला आपण माना डोलावतो आणि घरी गार भाकरीला नाकं मुरडतो. असो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारीलाही मॉलमध्ये 'मिलेट' म्हणून जरा बरी खुर्ची मिळालीय.

तर कण्या. माझ्यासारख्या ऑफिसवाल्यांसाठी ही रीत. ज्वारी मिक्सरमधून भरड काढायची, पीठ चाळून टाकायचं (टाकायचं म्हणजे भाकरीच्या पिठात, कचऱ्यात नाही!). उरल्या त्या कण्या. वाटीभर कण्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी आंघोळीला जाताना चार-पाच वाट्या पाणी आणि मीठ घालून कुकरला लावायच्या. चार शिट्ट्या. निवल्या की फ्रिजमध्ये. रात्री दोन-तीन वाट्या ताक घालून सारखं करायचं, वर जिरं, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता यांची फोडणी. संध्याकाळचा गॅस फक्त त्या फोडणीपुरता. ताक मात्र कण्या गरम असताना घालू नका, फाटतं. मी घातलं होतं.

घरी येऊन जाहीर केलं, मे संपेपर्यंत सोमवार ते शुक्रवार रात्री ओट्यापाशी कुणी उभं राहणार नाही. सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आम्ही काय आजारी आहोत का?" नवरा म्हणाला, "आपण स्विगी करू." मी म्हटलं, रोज करा, बिल तुम्ही भरा. दोन दिवस केलंही त्यांनी.

तिसऱ्या दिवशी साडेआठला चौघांची ताटं एकदम मांडली. सकाळच्या भाकऱ्या, कण्या, दाण्याची चटणी, कैरी. सासऱ्यांनी भाकरी बोटाने दाबून बघितली. "गार आहे," म्हणाले, आणि मोडून चटणीला लावली. पुढे काही बोलले नाहीत. कण्यांची वाटी मात्र दुसऱ्यांदा पुढे आली.

सासूबाई दोन घास खाऊन सवयीने उठल्या आणि किचनमध्ये गेल्या. गॅसवर काहीच नव्हतं. क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग परत येऊन एसीखालच्या खुर्चीत बसल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "ती चटणी जरा इकडे सरकवा हो."