सोफिया पोपोव्हचे ‘नशीब’

२३ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रूनवर सोफिया पोपोव्हने महिलांची ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धा जिंकली, तेव्हा जागतिक क्रमवारीत ती ३०४वी होती. मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारी ती पहिली जर्मन महिला. क्रीडापानांनी लगेच सिंड्रेला बाहेर काढली आणि एक मत रूढ झाले: करोनाचे वर्ष, प्रेक्षक नाहीत, अव्वल क्रमांकाची को जिन-यंग आलेली नाही, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, इतकेच.

को आली नव्हती, हे खरे. पण ट्रूनचा वारा आला होता. पहिल्या दिवशी त्याने भल्याभल्यांची दैना केली, आणि पारच्या (ठरवून दिलेल्या फटक्यांच्या) खाली राहिलेल्या मोजक्याच जणींत पोपोव्ह होती. तिच्या चार फेऱ्या ७०, ७२, ६७ आणि ६८ अशा झाल्या. एखादा फटका दैवाने होलमध्ये जातो. आघाडीवर असताना शेवटच्या दिवशी ६८ काढून दोन फटक्यांनी जिंकणे दैवावर सोपवता येत नाही.

आणि ही ३०४वी होती तरी कोण? २०१० मध्ये युरोपची हौशी विजेती. २०१३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने अमेरिकेतले महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले, त्या संघात ती होती. क्रमवारी अलीकडच्या स्पर्धांचे निकाल मोजते. पोपोव्हसारख्या, लाइम रोगाने अंगातले त्राण काढून घेतलेल्या खेळाडूचा क्रमांक घसरणारच. त्यावरून तिची कुवत ठरवणे म्हणजे आजाऱ्याची उंची त्याच्या वजनावरून काढणे.

दुसरा आक्षेप आपल्याकडे विशेष लाडका आहे: गोल्फ म्हणजे श्रीमंतांची चैन, त्यात कसला संघर्ष? यात तथ्य आहेच. पोपोव्हला मिळाला तसा सांक्ट लेऑन-रोटसारखा गोल्फ क्लब आणि अमेरिकेतले शिक्षण प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. (जर्मनीचा सर्वांत थोर गोल्फर बेर्नहार्ड लांगर मात्र लहानपणी खाऊच्या पैशांसाठी इतरांच्या बॅगा उचलत असे, हेही विसरू नये.) पण पैसा हौशी वर्षे सुखाची करतो, पुढची नाही. हौशी खेळाडूच्या पाठीशी महासंघ आणि विद्यापीठ असते. व्यावसायिक झाल्या दिवसापासून विमान, हॉटेल, कॅडी, प्रवेश शुल्क, सगळे स्वतःच्या खिशातून; आणि दोन दिवसांनंतर कट (पुढच्या फेऱ्यांसाठीची चाळणी) चुकला की बहुतेक ठिकाणी हाती भोपळा. ज्याला आपण बढती समजतो ती पहिली काही वर्षे निव्वळ खर्चाची असते.

पोपोव्ह २०१४ मध्ये व्यावसायिक झाली. एलपीजीए या अमेरिकेतल्या महिला व्यावसायिक टूरचे कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, मिळवले, गमावले. २०१९ च्या अखेरीस ते एका फटक्याने हुकले आणि खेळ सोडावा का, हा विचार मनात आला. मग करोनात सगळे बंद असताना ॲरिझोनातल्या कॅक्टस टूरवर, जिथली बक्षिसे एलपीजीएच्या मानाने किरकोळ, तिने तीन स्पर्धा जिंकल्या. माझ्या मते तिचा उदय शोधायचा तर इथे शोधावा. कॅमेरे नसताना, स्वतःची बॅग स्वतः ढकलत जिंकण्याची सवय तिला इथेच लागली. पुढे ओहायोत एलपीजीए सुरू झाली तेव्हा ती मैत्रीण ॲन व्हान डॅमची कॅडी म्हणून गेली. पुढच्याच आठवड्यात मॅरेथॉन क्लासिकमध्ये जागा रिकामी झाली, आणि तिथे पहिल्या दहांत येऊन तिने ट्रूनचे तिकीट काढले. जागा रिकामी होणे हे नशीब म्हणा हवे तर. पहिल्या दहांतली जागा कुणी रिकामी ठेवलेली नसते.

नशिबाच्या सिद्धांतावर खरा विश्वास ठेवला तो नियमपुस्तकाने. बक्षिसाचे ६,७५,००० डॉलर मिळाले, पण विजयाच्या वेळी ती एलपीजीएची सदस्य नव्हती, म्हणून मेजर विजेत्यांना मिळणारी, पाच वर्षे टूरवर थेट खेळण्याची सूट तिला नाकारली गेली. सदस्यत्व मिळाले ते २०२२ पर्यंतचे. पुढची मेजर, एएनए इन्स्पिरेशन, तीन आठवड्यांवर होती. त्या स्पर्धेतल्या खेळाडूंची यादी आधीच बंद झाली होती, त्यामुळे ताजी मेजर विजेती त्या आठवड्यात मैदानाबाहेर राहिली.